दादांच्या पेटीतले हॉटेलचे बिल

एप्रिल लागला की जयंतीच्या आधी घराला रंग द्यायचा, हा आमच्या घरातला दादांच्या वेळेपासूनचा रिवाज. दादा म्हणजे आमचे वडील. नांदेडला गिरणीत कामाला होते. त्यांना जाऊन आता वीस वर्षे होऊन गेली. रंगकाम निघाले की माळ्यावरची त्यांची लोखंडी पेटी खाली येते, पुसली जाते आणि न उघडताच पुन्हा वर जाते. यंदा मात्र गंजलेली कडी तुटली आणि पेटी उघडली.

आत सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. लातूरच्या छोट्या गाडीची पुठ्ठ्याची तिकिटे, माळेगावच्या जत्रेतल्या तंबू थिएटरची गुलाबी हँडबिले, काड्यापेटीवरची चित्रे, गोल्ड स्पॉटची बुचे, सोड्याच्या बाटलीतली एक हिरवी गोटी आणि हॉटेलांची पाच-सहा बिले. माझा धाकटा मुलगा म्हणाला, "पप्पा, ही रद्दी देऊन टाकू का?"

दारात बसलेली माय एकदम म्हणाली, "थांब रे लेकरा. त्यात तुझ्या आजोबाचं बिल हाय."

तिने सांगितल्यावर ते बिल सापडले. हाताच्या पंजाएवढा पिवळा पडलेला कागद. वरच्या कोपऱ्यात हॉटेलचे नाव आणि तारीख होती, ती कसरीने खाल्लेली. खाली शाईने लिहिले होते : दोन चहा, एक प्लेट भजी. पुढे रक्कम 'न. पै.' मध्ये. एवढेच. पण हा कागद दादांनी आयुष्यभर का जपला, हे त्या दिवशी मायने सांगितले. ते सांगण्यासाठीच हा लेख.

खेड्यात असताना दादा गावच्या हॉटेलात चहा प्यायचे, पण आत नाही. बाहेर लिंबाच्या झाडाला खुंटीवर आपल्या लोकांचे कप टांगलेले असत. तो कप आपणच काढायचा, आपणच विसळायचा, पुढे धरायचा आणि वरून ओतलेला चहा घ्यायचा. पैसे खाली ठेवायचे. दीक्षा झाल्यानंतरच्या दुसऱ्या साली दादा गिरणीत लागले. पहिल्या पगाराच्या रविवारी एका सोबत्याला घेऊन ते नांदेडच्या एका हॉटेलात शिरले, खुर्चीवर बसले आणि सगळ्यांच्याच कपातून चहा प्यायले. निघताना त्यांनी बिल मागितले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, एवढ्याशा हिशेबाचे कसले बिल? दादा म्हणाले, "तरी लिहून द्या."

जुन्याचा शौक

आता जुन्या वस्तू जमवण्याचा शौक आपल्याकडेही वाढला आहे. भंगारवाल्याकडे, रद्दीच्या दुकानात, आठवडी बाजारात हौशी मंडळी फिरतात. इनॅमलच्या जाहिरातीच्या पाट्या, जुनी मेनूकार्डे, बरण्या, कॅलेंडरे, सिनेमाची पोस्टरे यांना बरा भाव येतो. १९३० नंतरच्या काळात लोकांना चहाची सवय लागावी म्हणून चहा मंडळाने रेल्वे स्थानकांवर इनॅमलच्या मोठ्या पाट्या लावल्या. चहा कसा करावा, हे त्यांवर चित्रांसह देशी भाषांत सांगितलेले असे. आज अशी एखादी पाटी मिळाली तर संग्राहक ती हातची सोडत नाही. हमरस्त्यावरच्या नव्या ढाब्यांनी तर भिंतीवर कंदील, बैलगाडीचे चाक आणि जुन्या पाट्या लावून 'गावाकडचा थाट' उभा केला आहे. शहरातली माणसे तिथे जेवतात आणि म्हणतात, किती छान होते ते दिवस!

या शौकाला आमचा विरोध नाही. हॉटेल, जत्रा, तंबू थिएटर, स्थानकावरचा चहा ही साध्या माणसाच्या करमणुकीची ठिकाणे. त्यांचा इतिहास कोणत्या बखरीत नसतो, तो अशा चिटोऱ्यांतच सापडतो. शिवाय आपल्या भागात तो झपाट्याने पुसला जात आहे. नांदेडला २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यासाठी रस्ते रुंद झाले, शहराचे रूप पालटले. शहर सुधारले हे चांगलेच झाले, पण रस्त्याकडेची जुनी दुकाने आणि हॉटेले गेली ती गेलीच. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली आली. १९५४ मध्ये ती रेल्वे सरकारने विकत घेतली. लातूरचा मार्ग २००७-०८ मध्ये रुंद झाला आणि छोट्या गाडीचा जमाना संपला. तिच्या डब्यात बसून गंजगोलाईच्या बाजाराला आलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.

कागदाचे वय कसे ओळखावे?

तारीख नसलेला कागद निरुपयोगी, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कागद स्वतःच आपले वय सांगतो, फक्त वाचता आले पाहिजे.

बिलावर रुपये-आणे-पै असेल तर ते साधारणपणे १ एप्रिल १९५७ च्या आधीचे. त्या दिवशी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. पुढे १ जून १९६४ पासून 'नवे' हा शब्द गळून नुसते 'पैसे' राहिले. म्हणजे 'न. पै.' लिहिलेले बिल बहुधा या सात वर्षांतले. दादांचे बिल त्याच काळातले निघाले. दीक्षेचे साल १९५६, आणि मायच्या हिशेबाने हे बिल त्यानंतरच्या दुसऱ्या सालचे. कागद आणि माणसाची आठवण एकमेकांना साक्ष देतात ती अशी.

आपल्या मराठवाड्याला आणखी काही खुणा आहेत. निजामाच्या राज्यात 'हाली सिक्का' हे वेगळे चलन होते आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. पोलीस कारवाईनंतरही हाली नाणे काही वर्षे चालू होते, १९५९ मध्ये ते पूर्ण बंद झाले. म्हणून जुन्या पावतीवर 'हाली' किंवा 'कलदार' दिसले तर ती जपून ठेवा. पत्त्यात 'हैदराबाद स्टेट' असेल तर कागद नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, 'मुंबई राज्य' असेल तर तेव्हापासून १ मे १९६० पर्यंतचा. 'लातूर, जि. उस्मानाबाद' असेल तर बहुधा ऑगस्ट १९८२ च्या आधीचा, कारण तेव्हा लातूर जिल्हा वेगळा झाला. पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. रेल्वेच्या तिकिटावर 'तिसरा वर्ग' असेल तर ते १९७४ च्या आधीचे, कारण त्या वर्षी तिसरा वर्ग रद्द झाला.

शाळकरी मुलांना हा खेळ फार आवडतो. आमच्या मुलाने एका संध्याकाळी सगळा गठ्ठा सालवार लावला. सकाळी त्यालाच तो रद्दी वाटत होता!

पाटीवर आपण नव्हतो

पण वाचकहो, गठ्ठा लावून झाल्यावर मायने एक प्रश्न विचारला आणि आम्ही गप्प झालो. ती म्हणाली, "आतल्या कपाचं बिल हाय. भाईरच्या कपाचं काय हाय?"

काहीच नव्हते. बाहेरच्या कपाचे बिल कोणी लिहीत नसे, त्याची जाहिरात कोणी छापत नसे. कपाचा कान तुटला, बशी फुटली की तो आतल्या कामातून काढून आपल्यासाठी बाहेर टांगत. कुठे कपही नसे, नारळाची करवंटी असे. आज जुन्या हॉटेलांच्या वस्तू जमवणाऱ्या कोणाच्याही कपाटात हा कप सहसा दिसत नाही. हॉटेलवाल्यांनी तो लाजेने फेकला आणि आपल्या माणसांनी रागाने फोडला.

रेल्वे स्थानकांचेही तसेच. स्वातंत्र्याच्या आधी स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' वेगळे असे, चहाही वेगळा असे. त्या काळची छायाचित्रे लोक कुतूहलाने पाहतात. त्या पाट्यांत आपल्यासाठी तिसरी पाटी नव्हती. तहान लागली तर कोणी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचे.

निजाम स्टेट रेल्वेने अजिंठा-वेरूळची सुंदर रंगीत पोस्टरे काढली होती. जगभरचे प्रवासी यावेत म्हणून काढलेली ती पोस्टरे आज परदेशातले संग्राहकही शोधतात. त्याच निजामी मुलखात, त्याच वेरूळच्या वाटेवर १९३४ साली काय घडले, ते खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. सहकाऱ्यांसह ते दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. दिवस रमजानचे होते. प्रवासाच्या धुळीने सारे माखले होते, म्हणून किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर त्यांना आत सोडले आणि लक्ष ठेवायला सोबत हत्यारी शिपाई दिला. परदेशात शिकून आलेल्या, गोलमेज परिषदेत बसलेल्या माणसाची ही कथा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापल्या. पोस्टर आणि ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवली, तरच त्या प्रवासाचे पूर्ण चित्र दिसते.

नांदेडला एक जागा मात्र वेगळी होती. खेड्यातून कामासाठी आलेले आपले कितीतरी लोक सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवले. तिथे जात न विचारता एका पंगतीत बसवतात. दादाही पहिल्या महिन्यात तिथेच जेवायचे. तिथली पावती पेटीत नाही, कारण लंगरला पावती नसते.

घटनेत हॉटेल कशासाठी आले?

देशाच्या राज्यघटनेत हॉटेलाचा उल्लेख कशाला हवा, असे कोणालाही वाटेल. पण तो आहे. कलम १५ च्या दुसऱ्या भागात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांची नावे घेऊन सांगितले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून कोणाही नागरिकाला तिथे मज्जाव करता येणार नाही. लगेच पुढे विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते येतात. दौलताबादचा हौद आणि गावच्या लिंबाला टांगलेला कप, दोन्ही त्या कलमात येतात.

पुढे १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा त्याच वर्षी १ जूनपासून लागू झाला. त्यात हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा झालाच, शिवाय हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही वेगळा गुन्हा म्हणून लिहिला गेला. १९७६ मध्ये या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. दादांनी नांदेडच्या हॉटेलात बिल मागितले तेव्हा हा कायदा जेमतेम तीन वर्षांचा होता. त्यांनी तो वाचला नव्हता, पण त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. म्हणूनच त्यांना चहाबरोबर कागदही हवा होता.

अमेरिकेने काय जपले?

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जुन्या मेनूकार्डांचा जगप्रसिद्ध संग्रह आहे. फ्रँक बटॉल्फ नावाच्या एका बाईंनी तो १९०० च्या सुमारास सुरू केला. आज त्यात हजारो मेनू आहेत. पण अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आणखी एक गोष्ट जपली. त्यांना पुष्कळ हॉटेलांत प्रवेश नसे. म्हणून न्यूयॉर्कचे एक टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून एक पुस्तिका काढली. काळ्या प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, याची ती यादी होती. 'ग्रीन बुक' म्हणून ती ओळखली जाई. नागरी हक्कांचा कायदा १९६४ मध्ये झाल्यावर तिची गरज संपली. तिच्या जुन्या प्रती आज संग्रहालयांत काचेत ठेवलेल्या आहेत.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांना काही देण्यास नकार मिळाला, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुले आली आणि हे लोण अनेक शहरांत पसरले. त्या काउंटरचा एक भाग आणि त्यापुढची स्टुले आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मिशिगनमध्ये तर डेव्हिड पिलग्रिम या काळ्या प्राध्यापकाने काळ्यांची टिंगल करणाऱ्या, त्यांना अपमानित करणाऱ्या वस्तूच जमवून संग्रहालय उभे केले. पुढच्या पिढीला शिकवायला पुरावा हवा, हा त्यामागचा विचार. ज्यांनी अपमान भोगला, त्यांनी त्या अपमानाची वस्तू फेकून दिली नाही.

आपल्याकडेही या वाटेने चाललेली माणसे आहेत. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी वर्षानुवर्षे खपून बाबासाहेबांची छायाचित्रे, पत्रे आणि कागद गोळा केले. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू पाहता येतात. पण बाबासाहेबांच्या मागे चाललेल्या लाखो साध्या माणसांचे काय? त्यांचे कागद त्यांच्याच घरात आहेत, माळ्यावर, पेटीत, गोधडीच्या घडीत.

घरात काय शोधावे?

जयंतीच्या वर्गणीची पावती, जलशाचे हँडबिल, गाण्यांची पातळ पुस्तिका, दीक्षाभूमीवरून आणलेला बिल्ला किंवा कॅलेंडर, जत्रेत पडद्यावरच्या मोटारीपुढे उभे राहून काढलेला फोटो, सहस्रकुंडच्या किंवा खरोशाच्या लेण्यांच्या सहलीचे चित्र, पहिल्यांदा आत बसून खाल्लेल्या खानावळीचे कूपन, वसतिगृहाच्या मेसचा पास. आजोबा-आजींना विचारा, कोणता कागद कुठला? आणि ज्याचा कागदच नाही त्याचेही विचारा. कप कुठे टांगलेला असे? कोण धूत असे? तो कधी आणि कोणी काढला?

हे आजच करा. औसा तालुक्यात किल्लारीच्या बाजूला आमची आत्या राहायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या आत भूकंप झाला. आत्या वाचली, पण दगडमातीच्या घराखाली तिची पेटी गेली. तिच्या नवऱ्याचा एकमेव फोटो त्या पेटीत होता, तोही जत्रेतल्या फोटोवाल्याने काढलेला. हजारो माणसे गेली तिथे फोटोचे दुःख काय करायचे, म्हणून ती कधी बोलली नाही. मरायच्या आधी मात्र म्हणाली, "त्यायचं तोंड आता ध्यानात येत न्हाई."

जपावे कसे?

याला पैसा लागत नाही. कागदाला सेलोटेप लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. टाचण्या आणि पिना काढून टाका, त्या गंजतात. चुरगळलेला कागद इस्त्रीने सरळ करू नका. दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर जड पुस्तक ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा कोरा कागद किंवा धुतलेले सुती कापड बरे. पेटी जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. सुकवलेला लिंबाचा पाला चालतो. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर त्या पुरचुंडीत बांधा, कागदाला लागू देऊ नका. वर्षातून एकदा पेटी उघडा. जयंतीचे रंगकाम ही त्याला चांगली वेळ.

कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहा : कोणाचा, कुठला, केव्हाचा आणि कोणी सांगितले. शाईने लिहू नका, ती पलीकडे फुटते. मग मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांना पाठवून ठेवा, म्हणजे एक घर गेले तरी सगळे जात नाही. आणि एक लक्षात असू द्या. आजची हॉटेलची बिले बहुतेक उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात. ती दोन-चार वर्षांत पांढरी होतात. जपायचे असेल तर लगेच फोटो काढा.

दादांचे बिल आता कोऱ्या कागदाच्या घडीत आहे. मुलगा पेन्सिल घेऊन बसला आणि आजी काय सांगते ते मागच्या बाजूला लिहू लागला. आजोबांचे नाव, नांदेड, दीक्षेनंतरचे दुसरे साल. एवढे लिहून तो थांबला.

"झालं?" मायने विचारले. "आता भाईरच्या कपाचंबी लिही. तेच्याबिगर ह्या बिलाचा अर्थ कुणाला कळंल? लिही, लिंबाला खुंटी होती. आमचा कप तिथं ऱ्हायचा. त्या कपाला कान न्हवता."

बिलावर जागा उरली नव्हती. मुलाने दुसरा कागद घेतला.